अनारशांची शिष्टाई

आमच्या साहेबांना मंत्रिपद कधीच मिळालं नाही. त्यांना मंत्रिपदाचा दर्जा मिळाला होता. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी महाड-पोलादपुरात येऊन कुणालाही विचारावं. मंत्री म्हणजे ज्याला खातं असतं. दर्जा म्हणजे ज्याला गाडी असते, मागे पोलीस असतो आणि काम नसतं. साहेब एका महामंडळाचे अध्यक्ष होते. ते महामंडळ नक्की कशाचं होतं हे त्यांच्या इतक्या सभांचं निवेदन करूनही मला सांगता येणार नाही. नाव इतकं लांबलचक होतं की शेवटच्या शब्दाशी पोचेपर्यंत मला खोकला यायचा. पुढे सरकार गेलं, गाडी गेली, पोलीस गेला. दर्जा मात्र साहेबांनी परत केला नाही. फ्लेक्सवर अजूनही 'राज्यमंत्री दर्जा' असं छापलेलं असतं. त्याच्या आधी 'माजी' हा शब्दही असतो, पण तो वाचायचा तर शिडी लावून वर चढावं लागतं.

मी निवेदक. लग्नं, वाढदिवस, क्रिकेटचे सामने, शोकसभा, ज्याचा माईक हातात येईल त्याचं मी बोलतो. त्यामुळे मोठी माणसं मला जवळून बघायला मिळतात, आणि जवळून बघितल्यावर काय उरतं ते मी इथे लिहितोय.

सुरुवात एका व्हिडिओनं झाली. कुठल्याशा बलाढ्य देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या एका देशात गेला, तिथल्या हुकूमशहाशी बोलला आणि तुरुंगात अडकलेल्या आपल्या नागरिकांना विमानात घालून घरी घेऊन आला. विमानाच्या जिन्यावर माजी पुढे, सुटलेले मागे, खाली रडणारे नातेवाईक. साहेबांनी तो व्हिडिओ पोलादपूरच्या बंगल्यात झोपाळ्यावर बसून पाहिला. मग आणखी एकदा पाहिला. मग त्यांच्या स्वीय सहायकाला म्हणाले, "बघितलंस? हा पण माजीच हाय. माजी म्हणजे काय मेलेला नाय."

"नाही साहेब, अजिबात नाही," सहायक म्हणाला. त्या माणसानं आयुष्यात एवढंच वाक्य पाठ केलं आहे.

"आपल्याकडं कोण अडकलाय का कुठं?"

लोकांच्या घरात दुधासाठी विरजण मागावं तसं त्यांनी हे विचारलं. आणि दुर्दैवानं आपल्याकडे एक जण खरोखरच अडकला होता.

तो तुडीलचा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. सावित्री नदीच्या काठच्या गावांतली निम्मी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत. हाही तिकडे दुधाची थंडगार गाडी चालवायचा. सुट्टीवर घरी आला, बहिणीचं लग्न लावलं आणि परत जाताना तिथल्या विमानतळावर पकडला गेला. सामानात खसखस सापडली. आपण जी वाटणात घालतो ती. त्या देशात तिला अफूचं भावंड समजतात आणि बाळगणाऱ्याला सरळ आत टाकतात. भाभीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मसाल्याबरोबर फडक्याच्या गाठीत मूठभर बांधून दिली होती. याआधी प्रत्येक खेपेला दिली होती आणि कधी कुणी विचारलं नव्हतं. ती मला म्हणाली, "भाय, गाठ मी मारली. आत ते बसलेत."

एवढं वाक्य बोलून ती चूल सारवायला लागली.

साहेबांचं बोलावणं आलं म्हणून मी भाभीला आणि तिच्या सासूला घेऊन पोलादपूरला गेलो. सासूला कमी ऐकू येतं. साहेब खादीचा कडक झब्बा घालून बसले होते. फोटो काढणारा आमच्या आधीच हजर होता.

भाभीनं सांगायला सुरुवात केली, "साहेब, विमानतळावर पकडला त्यांना. सामानात त्यांच्या..."

साहेबांनी तळवा वर केला. "बाई, तपशिलात जाऊ नका. तपशील खालची माणसं बघतात. मी वरच्या पातळीवर बोलणार आहे." मग फोटोवाल्याकडे बघून म्हणाले, "जरा ओढणी डोळ्याला लावा."

"डोळे कोरडे हायत साहेब," भाभी म्हणाली. "रडायचं ते घरी रडून झालं."

"तरी लावा. बातमीला बरं दिसतं."

तिनं लावली नाही. साहेबांनी मग स्वतःच रुमाल काढून स्वतःच्या डोळ्याला लावला. तोच फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरला. मी खोटं सांगत नाही, रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"आजी," साहेब सासूला म्हणाले, "काळजी करू नका. मी स्वतः शिष्टाईला जाणार आहे!"

"मिठाई?" म्हातारी म्हणाली. "मिठाई नको बाबा. पोराला आन माझ्या."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर विचार उमटला, आणि हे दृश्य दुर्मीळ असल्यामुळे मला चांगलं आठवतं. "आजी बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "परदेशात रिकाम्या हातानं जात नाय कोण. मोठे नेते भेट नेतात. काहीतरी आपल्या मातीतलं पाहिजे."

दोनच दिवसांत गावभर झालं: साहेब आखातात निघाले. त्याच संध्याकाळी भाभीचा मला फोन आला. तिकडच्या आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं तिला बजावून सांगितलं होतं की गप्प राहा. माल तपासणीला गेलाय, तो खायचाच आहे असा अहवाल आला की वकील सोडवून घेईल. तोवर व्हिडिओ नको, मोर्चा नको, पुढारी तर मुळीच नको. गवगवा झाला की तिथलं कोर्ट ताठरतं.

मी साहेबांकडे गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं.

"गप्प राहून कुणी इतिहास घडवलाय?" साहेब म्हणाले.

"साहेब, इतिहास नकोय. माणूस हवाय."

"तू निवेदक हायस. निवेदन कर. धोरण मी बघतो." आणि पुढच्या श्वासात म्हणाले, "तू पण चल. मोबाईलवर लाईव्ह करताना मागून आवाज लागतो तुझा."

मी भाभीला विचारलं. ती म्हणाली, "त्याला थांबवता येत नाय ना? मग जा तुम्ही. काय वेडंवाकडं बोलायला लागला तर त्याच्या तोंडासमोर उभे रहा." आजवर मला माईकवर बोलायलाच बोलावलेलं होतं. एखाद्याचं तोंड झाकायला प्रथमच कुणी पाठवत होतं.

आमच्या शिष्टमंडळात तिघं होतो. साहेब, सहायक आणि मी. महाडच्या चौकात हार, मुंबईच्या विमानतळाबाहेर हार, आत सुरक्षा तपासणीत हार काढून ठेवायला लावले तेव्हा साहेबांचा चेहरा सालं काढलेल्या बटाट्यासारखा झाला. सहायकाच्या पिशवीत सुटणाऱ्याला पांघरायची शाल होती, आणि चकचकीत कागदात गुंडाळलेला एक मोठा डबा होता. "वहिनीसाहेबांनी स्वतः केलंय," तो कुजबुजला. "तिथल्या मोठ्या साहेबांना द्यायचं." मी समजलो, नारळाच्या वड्या असतील.

विमानतळावर उतरल्याबरोबर साहेबांनी मला मोबाईल धरायला लावला. "आपण आता परकीय भूमीवर पाऊल ठेवत आहोत," असं मी खर्जात म्हणालो. एका पोलिसानं येऊन मोबाईल खाली करायला सांगितलं. परकीय भूमीशी आमचा पहिला संवाद तो.

मग पिशवी यंत्रातून गेली. यंत्रापलीकडच्या माणसानं ती बाजूला घेतली, कागद फाडला, डबा उघडला.

अनारसे!

साजूक तुपात तळलेले, जाळीदार, सोनेरी अनारसे. आणि प्रत्येकाच्या पाठीवर दाटीवाटीनं बसलेली पांढरी शुभ्र खसखस. एकही दाणा कमी नाही. वहिनीसाहेबांचा हात सढळ आहे हे मला तिथे कळलं. माझ्या पोटातून हसू आणि भीती एकदमच वर आली आणि घशात दोघांची चेंगराचेंगरी झाली. जो माणूस खसखशीसाठी आत बसलाय त्याला सोडवायला आम्ही डबाभर खसखस घेऊन आलो होतो, तीही भेट म्हणून, न्याय देणाऱ्यांना द्यायला! कारण साहेबांनी तो कशासाठी आत आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. तपशील खालच्या माणसांचा.

आम्हाला एका खोलीत बसवलं. समोर एक शांत अधिकारी, शेजारी केरळातला एक दुभाषा. दुभाष्याला हिंदी येत होतं, अधिकाऱ्याला आमचं काहीच कळत नव्हतं.

"सांग त्याला, मी कोण हाय," साहेब सहायकाला म्हणाले.

सहायक उभा राहिला. "ये हमारे साहेब हैं. राज्यमंत्री दर्जा!"

आत्तापर्यंत कागदात डोकं घातलेल्या अधिकाऱ्यानं शेवटचा शब्द ऐकून मान वर केली. तो दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाषा आमच्याकडे वळला. "साहब पूछ रहे हैं, कौन सा दर्जा?"

नंतर कळलं की अरबीत दर्जा म्हणजे वर्ग. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, विमानाच्या तिकिटाचा असतो तो. अधिकाऱ्यानं हात पुढे केला, साहेबांच्या खिशातून डोकावणारा बोर्डिंग पास घेतला, नीट वाचला आणि परत दिला. दुभाषा म्हणाला, "लिखा है इकॉनॉमी."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा संयम.

"नाय, नाय," साहेब तापले. "मंत्री! मिनिस्टर! पहले था!"

दुभाष्यानं ते पोचवलं आणि तिकडचा प्रश्न घेऊन आला. "पहले थे. अभी क्या हैं?"

सहायकानं छताकडे बघितलं. साहेबांनी सहायकाकडे बघितलं. इतकी वर्षं पोलादपूरपासून शिवथरपर्यंत कुणी हा प्रश्न विचारायचं धाडस केलं नव्हतं, आणि इथे एका परक्या माणसानं तो निव्वळ माहिती म्हणून विचारला होता.

"अभी पॅसेंजर हैं," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढच्या पाच निवडणुकांचा माईक गेला. पण हसण्याचे क्षण तिथेच संपले. अधिकाऱ्यानं विचारलं, इथे कशासाठी आलात? आणि साहेबांनी मी मध्ये पडायच्या आत सगळं सांगून टाकलं. आमच्या भागातला एक माणूस तुमच्या तुरुंगात आहे, त्याला घेऊन जायला आलोय. नाव सांगितलं. गाव सांगितलं. रुमालाचा फोटोसुद्धा दाखवला.

अधिकाऱ्यानं संगणकावर नाव घातलं. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. त्यानं आतून दुसऱ्याला हाक मारली, तिसराही आला. दुभाष्यानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आप लोग एक ही जगह के हैं? एक ही माल लाते हैं?"

मला भाभीची फडक्याची गाठ आठवली. एक मूठ खसखस ही चूक होते. त्याच तालुक्यातून दुसरा डबा आला की टोळी होते. आमच्या शिष्टाईनं माझ्या बाकावरच्या माणसाला घरगुती मसाल्यातून उचलून तस्करांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

हे साहेबांच्याही लक्षात आलं. स्वतःच्या कातडीचा प्रश्न आला की त्यांचं डोकं विजेसारखं चालतं. ते ताडकन उठले. "ये आदमी को मैं पहचानता नहीं! मेरा कोई संबंध नहीं! मैं घूमने आया हूँ!"

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या पिशवीत त्याला पांघरायची शाल आहे."

"शाल माझी हाय! मला थंडी वाजते!" ते ओरडले. आखातात. उन्हाळ्यात.

मी तिरस्कार हा शब्द आजवर मंचावर पुष्कळदा वापरला होता. तो शरीरात कुठे असतो ते मला त्या खोलीत कळलं. जिभेच्या मुळाशी असतो.

पुष्कळ वेळानं वकिलातीतला अधिकारी आला. भाभीशी फोनवर बोलणारा तोच. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, झोप न झालेले डोळे. त्यानं डब्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याला मराठी कळत होतं. आई नागपूरची होती म्हणाला. मग तो सावकाश म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे खसखस गरीब खातात तशी पुढारीही खातात. आणि यात काही वावगं आहे हे पुढाऱ्यालाही माहीत नव्हतं. हे त्यांनी स्वतः सांगितलं तर टोळी राहत नाही. स्वयंपाकघर राहतं."

तो साहेबांसमोर बसला. "साहेब, जबाब द्या. हे गोड तुमच्या घरी सणाला करतात, तुम्ही लहानपणापासून खाता, तुमच्याकडे घरोघरी हे असतं. आणि तुडीलच्या त्या माणसाला तुम्ही ओळखता, त्याच्यासाठीच आलात."

"त्याला ओळखतो असं सांगून मी कशाला लटकू?"

"नाही सांगितलंत तर तुम्ही इतका माल कुणासाठी आणला हे विचारतील."

साहेबांनी घाम पुसला. या वेळी रुमालाची घडी मोडली. "मग काय, खाऊन दाखवू एक?" ते म्हणाले. "खाल्ला की कळेल ना त्यांना?"

"तो आता पुरावा आहे. खाल्लात तर आणखी एक गुन्हा."

शेवटी साहेबांनी जबाब दिला. त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलं संपूर्ण खरं भाषण, आणि तेही आईनं करायचे ते अनारसे, वहिनीसाहेबांचं तूप, तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, अशा विषयावर. दुभाषा हसत हसत उतरवून घेत होता. अनारसे कसे करतात हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं. मग आम्हाला परतीच्या विमानात बसवून दिलं. साहेबांची आंतरराष्ट्रीय शिष्टाई विमानतळाच्या दाराबाहेर गेलीच नाही. त्यांनी तो देश काचेतून बघितला, तेही फक्त गाड्या लावायची जागा.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझा बाकावरचा मित्र सुटला. वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं मला फोनवर सांगितलं की तपासणीचा अहवाल चांगला आला होता, तो तसाही सुटलाच असता. "पण टोळीचा मुद्दा सरकारी वकिलानं काढला होता," तो म्हणाला. "तेव्हा तुमच्या साहेबांचा जबाब वाचून दाखवला. न्यायाधीशांनी पाककृती दोनदा ऐकली." मी हे भाभीला सांगितलं. "म्हणजे बुडवायला बी तोच आणि काढायला बी तोच?" ती म्हणाली. मी म्हणालो, हो, पण बुडवताना तो आनंदानं बुडवत होता आणि काढताना त्याला धरून काढायला लावावं लागलं. "ते विसरू नका कधी," ती म्हणाली. म्हणून तर लिहितोय.

महाडात फ्लेक्स लागले. साहेब विमानाच्या जिन्यावर उभे, हात वर. तो जिना दुसऱ्या कुणाचा होता. भाभीचा नवरा घरी येणार त्या दिवशी चौकात उघडी जीप उभी केली, ढोल आणले. पाहुणा मुंबईहून आला तोच जीपवर चढवला गेला. अंगावरचा शर्ट दोन माणसांचा वाटावा इतका सैल झाला होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक माझ्याकडून ओढून घेतला. "हा माझा माणूस! माझ्या माणसासाठी मी अटक सुद्धा सोसली!"

टाळ्या पडल्या. त्यानं माझ्याकडे बघितलं, बाकावरून परीक्षेत बघायचा तसं. मी मान डोलावली. जीप पोलादपूरच्या दिशेला वळायच्या आधी ढोलवाल्यांसाठी थांबली, तेवढ्यात तो मागच्या बाजूनं उतरला. भाभीचा भाऊ स्कूटर चालू ठेवूनच उभा होता. ते गेले. जीप पुढे निघाली आणि साहेब उजवा हात वर, डावा हात कुणाच्याच खांद्यावर नाही असा हवेत धरून बाजारपेठेतून गेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुडीलला गेलो. तो बाहेरच्या पडवीत, भर उजेडात, चटईवर झोपला होता. तोंड उघडं, एक पाय भिंतीवर टेकलेला. सासू त्याच्या डोक्याशी बसून माश्या वारत होती. भाभी उंबऱ्यावर कोलंबी सोलत होती. आम्ही बोलत नव्हतो, कारण बोललो तर तो उठला असता.

तिचा मोबाईल वाजला. तिनं कोलंबीचा हात पुसून झटकन उचलला. पलीकडून साहेबांचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. काल मिरवणुकीत घोटाळा झाला, आज पत्रकार आलेत, त्याला गाडीत घालून पाठवा, नाहीतर निदान फोन तरी द्या.

"ते झोपलेत," भाभी म्हणाली.

"अहो मग उठवा! दोन मिनिटं!"

तिनं पडवीकडे बघितलं. त्याचा पाय भिंतीवरून घसरून चटईवर आला होता.

"नाय," ती म्हणाली. "आज नाय उठवणार." आणि फोन चुलीजवळच्या फळीवर पालथा ठेवून परत कोलंबी सोलायला बसली.